एकतर्फी प्रेमाचं गाणं: कडवी आठ, तरी गाणं का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘एकतर्फी प्रेमावर मराठी गीत लिहिलं आहे. आठ कडवी झाली, यमकं जुळली, भावनाही खरी आहे. पण चाल लावणारा मित्र म्हणतो, मीटरमध्ये बसत नाही. आणि ऐकणारे म्हणतात, छान आहे, पण लागत नाही. नेमकं काय बदलू?’

तक्रारी दोन आहेत, पण मुळाशी त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. आधी लांबीचा हिशेब करू, कारण तो वादाचा विषय नाही.

केरवा हा ताल घ्या, आठ मात्रांचा. लय मिनिटाला १२० मात्रा धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ४ सेकंदांचं होतं. १६ मात्रांची ओळ दोन आवर्तनं खाते, म्हणजे ८ सेकंद. दोन ओळींचा मुखडा, म्हणजे परत परत येणारं ध्रुवपद, दोनदा म्हटला की ३२ सेकंद गेले. चार ओळींच्या अंतऱ्यात, म्हणजे कडव्यात, पहिल्या दोन ओळी गायक बहुधा पुन्हा घेतो, म्हणजे सहा ओळींचे ४८ सेकंद. त्यावर परतीचा मुखडा १६ आणि अंतऱ्याआधीचं संगीत २०. असा एक अंतरा ८४ सेकंदांना पडतो. सुरुवातीचं वादन २० सेकंद धरा. दोन अंतऱ्यांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंद, तीन अंतऱ्यांचं ५ मिनिटं ४ सेकंद आणि तुमचं आठ कडव्यांचं १२ मिनिटांच्या वर. भावगीत दोन-तीन अंतऱ्यांचं असतं यामागे काव्यशास्त्र कमी आणि ७८ आरपीएमची तबकडी जास्त आहे. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तबकडी गेली, पण कानाला लागलेली सवय राहिली. तेव्हा आठातून दोन किंवा तीनच कडवी राहणार. कोणती, ते खाली येईल.

आता दुसरी तक्रार: ‘लागत नाही.’ आठ कडव्यांच्या बहुतेक गीतांत अशा ओळी सापडतात:

तुझ्याविना मी किती एकटा
विरहाने हे हृदय जळाले

मात्रा मोजा. पहिलीत ८ अधिक ८, दुसरीतही ८ अधिक ८. वृत्तात खोट नाही. तरी ओळ मेलेली आहे, कारण तिच्यात दुःखाचं फक्त नाव आहे. ‘विरह’, ‘वेदना’, ‘हृदय’, ‘आसवे’, ‘काळीज’ हे शब्द कुणाच्याही तोंडी शोभतात, म्हणून ते कुणाचेच राहत नाहीत. शिवाय एकतर्फी प्रेम आणि विरह एक नव्हेत. विरहात दोघंही जण एकमेकांना ओळखून असतात, मध्ये अंतर असतं. पेशवाईतल्या लावणीत धनी मोहिमेवर गेलेला असतो आणि ती मागे तळमळते. तो तिचाच असतो. एकतर्फी प्रेमात समोरच्याला काही माहीतच नसतं, किंवा माहीत असून त्याच्या लेखी ते नसतं. गाण्याला धरून ठेवणारी गोष्ट तीच: बोलणाऱ्याला ठाऊक असलेली आणि ‘तू’ला ठाऊक नसलेली एक वस्तुस्थिती. लिहायला बसण्याआधी ती एका साध्या गद्य वाक्यात कागदाच्या डोक्यावर लिहा. ‘मी रोज मुद्दाम लांबच्या वाटेनं जाते, कारण त्या वाटेवर त्याचं घर आहे.’ बस. यात प्रेम हा शब्दसुद्धा नाही. असं वाक्य सापडलं नाही तर गाणं अजून आलेलं नाही असं समजावं. यमकं जुळवत बसू नये.

हे वाक्य घेऊनच मुखडा बांधून बघू, म्हणजे मात्रांचं गणितही त्यातच उलगडेल.

मोजण्याचे नियम: ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघू, मात्रा १. दीर्घ स्वर, तसेच ए, ऐ, ओ, औ असतील तर गुरू, मात्रा २. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, पण त्याच्यावर आघात पडत असेल तरच. इथे नवशिके हमखास चुकतात. ‘पट्टा’मधला ‘प’ गुरू. पण ‘तुझ्या’तला ‘तु’, ‘पुन्हा’तला ‘पु’, ‘तुम्ही’तला ‘तु’ लघूच राहतात, कारण उच्चारात तिथे जोर येत नाही. सगळ्यात सोपा ताळा ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या जोडीचा. डोंगरातल्या दऱ्या म्हणताना ‘द’ला एक मात्रा, समुद्राचा दर्या म्हणताना दोन. शंका आली की शब्द मोठ्यानं उच्चारा, लिपीकडे पाहू नका.

पहिला खर्डा असा निघेल:

लांब वाट ही, तरी रोज मी
तुझ्या घरावरून जाते

पहिली ओळ मोजली तर ‘लांब वाट ही’ ८, ‘तरी रोज मी’ ८. पण दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे त्याची पहिली मात्रा, ‘तरी’वर पडते. समेवर ठेका उतरतो, ऐकणाऱ्याचा कान तिथे थांबतो आणि तिथे त्याला ‘तरी’ भेटतो. नुसती जागा बदला: ‘रोज तरी मी’. मात्रा त्याच ८, पण समेवर आता ‘रोज’ आहे, तोही गुरू अक्षरानं सुरू होणारा. गोष्टीतली कळ ‘रोज’मध्येच आहे, एकदा गेली असती तर गाणं झालं नसतं. ‘आणि’, ‘की’, ‘पण’, ‘तरी’, ‘हे’, ‘ते’ असल्या शब्दांना समेपासून लांब ठेवा. ते आवर्तनाच्या पोटात बसवायचे असतात.

दुसरी ओळ मोजा: तु-झ्या-घ-रा-व ७ मात्रा, आठवी ‘रू’च्या मध्यात. शब्द फुटला आणि सम त्याच्या शेपटावर गेली. ‘रू’ ऱ्हस्व करून ‘घरावरुन’ केलं तर सम ‘न’वर येते, म्हणजे आणखी वाईट. अशा वेळी शब्द तासत बसण्यापेक्षा वाक्य बदलावं: ‘तुझ्या घराच्या पुढून जाते’. ‘तुझ्या घराच्या’ ८, ‘पुढून जाते’ ८. बसलं.

अजून एक अडचण आहे, ती यमकाची. मुखडा ‘जाते’वर संपला की प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ, जिला गाण्याच्या धंद्यात क्रॉस लाइन म्हणतात, ती ‘-आते’वर संपवावी लागते. मराठीत त्यासाठी गाते, खाते, पाते, नाते एवढंच हाताशी येतं. त्यात ‘नाते’ हा शब्द आला की गाणं लगेच शुभेच्छापत्राच्या अंगानं जातं. म्हणून मुखड्याचा शेवटचा शब्द पक्का करण्यापूर्वी त्याची दहा यमकं कागदावर लिहून बघावीत; सहासुद्धा निघाली नाहीत तर शब्द टाकून द्यावा. इथे ‘जाते’ऐवजी ‘जाणे’ केलं तर दाणे, गाणे, बहाणे, उखाणे, शहाणे, नाणे, फुटाणे असा मोकळा बाजार मिळतो:

लांब वाट ही, रोज तरीही
तुझ्या घराच्या पुढून जाणे

आणि ‘मी’ गळून पडला. यमकासाठी केलेल्या बदलानं एक मोठं काम फुकटात झालं, त्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण या विषयाला मराठीचं व्याकरण जितकं उपयोगी पडतं तितकं फार कमी गीतकार वापरतात.

मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं. ‘थांबलो’ की ‘थांबले’, ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’, लपवायला जागा नाही. ज्या भाषांत क्रियापदाला लिंग नाही तिथे ‘तू’ कोण हे मोघम ठेवता येतं. मराठीत ते मुद्दाम साधावं लागतं. साधनं मात्र भरपूर आहेत. सकर्मक भूतकाळ कर्माच्या लिंगानं चालतो: ‘तू पाहिलंस’, ‘मी वाट पाहिली’. इथे कुणाचंच लिंग कळत नाही. ‘तू म्हणालास’ उघड आहे, ‘तू म्हटलंस’ बंद आहे. भविष्यकाळ ‘तू येशील’ दोघांनाही चालतो. विध्यर्थ ‘थांबावे’, ‘वळावे’ आणि धातुसाधित नाम ‘जाणे’, ‘बघणे’ यांत तर करणाराच नाहीसा होतो. याचा व्यवहारी फायदा असा की तेच गाणं गायक आणि गायिका दोघंही शब्द न बदलता गाऊ शकतात. आणि भावनेचा फायदा असा की कर्ता नसलेलं वाक्य सवयीसारखं वाटतं: कुणी जात नाही, नुसतं ‘जाणे’ घडत राहतं.

असंच दुसरं साधन चतुर्थी विभक्तीचं. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य मराठी गाण्यात नेहमी भाषांतरासारखं वाजतं. घरात कुणी असं बोलत नाही. आपण म्हणतो ‘तू मला आवडतेस’. या वाक्यात क्रियापद ‘तू’च्या मागे चालतं आणि ‘मी’ ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. काहीही न करता माझ्यावर सगळं गुदरलं, ही एकतर्फी प्रेमाची अवस्था व्याकरणानं आयती मांडून ठेवली आहे. ‘मला तुझी आठवण येते’ यातही येणारी आठवण आहे. म्हणून खर्ड्यातली ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं एकदा ‘मला’ने फिरवून बघावीत, निम्म्या ठिकाणी ओळ सुधारते. काळांमध्ये रीतिभूतकाळ विसरू नका. ‘तो येई’, ‘दिवा लागे’: पूर्वी नेहमी घडायचं आणि आता घडत नाही, हे दोन अक्षरांत सांगणारा दुसरा काळ आपल्याकडे नाही.

आता अंतरे. मुखड्यानं वस्तुस्थिती सांगितली. अंतऱ्यानं तिच्याविषयी मत देऊ नये, तिच्या जवळ जाऊन काहीतरी दाखवावं. पहिला असा करता येईल:

ओट्यावरचा दिवा मालवुन
आतुन कोणी कडी लावते
पुन्हा वाकुनी पट्टा बघणे,
चपलेचे ते जुने बहाणे

प्रत्येक ओळ ८ अधिक ८. यमक फक्त चौथ्या ओळीत ‘जाणे’शी. पहिल्या दोन ओळींना आपसात यमक देता आलं असतं, पण तेवढ्यासाठी एखादा फुसका शब्द घ्यावा लागत असेल तर न दिलेलं बरं. चालीत ते कुणाला जाणवत नाही. ‘मालवून’चं ‘मालवुन’ आणि ‘आतून’चं ‘आतुन’ केलं आहे, ही सूट गीतात सर्रास चालते. शब्दाच्या शेवटाकडच्या इकार-उकारापुरती ती घ्या. ‘दूर’चं ‘दुर’ किंवा ‘फूल’चं ‘फुल’ करायला गेलात तर गायक शब्द आखडून म्हणेल आणि कानाला खडा लागेल.

इथे ‘लावते’ या एका क्रियापदाकडे बघा. मुखड्यात आणि उरलेल्या कडव्यात कुणाचंही लिंग उघड नाही. फक्त आतून कडी लावणारी व्यक्ती बाई आहे हे कळतं. गाणं बाईनं म्हटलं तर अर्थ एक लागतो, पुरुषानं म्हटलं तर दुसरा. बाईच्या तोंडी आलं की त्या घरात दुसरी कुणीतरी आहे, हे न सांगता सांगून झालं. पुरुषाच्या तोंडी ती कडी लावणारी स्वतः ‘तू’च असू शकते. लिंग लपवण्याचा खरा उपयोग हाच की जिथे उघड कराल तिथे तो शब्द दिव्यासारखा लागतो. ‘तुझ्या आयुष्यात आता कुणी दुसरी’ अशी अख्खी ओळ खर्च करण्याची गरजच उरत नाही.

दुसऱ्या अंतऱ्याचं काम वेगळं असतं. तो पहिल्याचीच गोष्ट वेगळ्या उपमेनं सांगत असेल तर तो अंतरा नाही, भर आहे. तुमच्या आठ कडव्यांतली कोणती ठेवायची याची कसोटी इथेच आहे: कडवं म्हणून झाल्यावर मुखडा पुन्हा म्हणा. मुखड्याचा अर्थ मघापेक्षा हलला तर कडवं ठेवा. जिथल्या तिथे राहिला तर काढा, कितीही सुंदर असलं तरी.

दारावरती कुलूप आता
गवत वाढले तुळशीभवती
अजुन वळावे त्या वळणाशी
पाय कुणाचे कधी शहाणे!

यानंतर ‘लांब वाट ही, रोज तरीही तुझ्या घराच्या पुढून जाणे’ आलं की शब्द तेच, पण घर आता रिकामं आहे. मुखड्याचं एक अक्षरही न बदलता हे घडलं पाहिजे. काही जण शेवटी मुखडा बदलून टाकतात, ‘जाणे’चं ‘जात नाही’ करतात. क्वचित ते खुलतं, बहुधा ती पळवाट असते.

या नमुन्यातले दोष सांगायलाच हवेत. एक, मुखड्याची दुसरी ओळ लघू ‘तु’ने सुरू होते. ‘तु’ समेवर ठेवला तर हिसका बसेल, म्हणून चाल लावणारा तो समेच्या आधी उचलेल आणि ‘झ्या’ समेवर टाकेल. मग वरच्या ओळीतल्या ‘तरीही’च्या ‘ही’ला एक मात्रा कमी मिळते. तिथे दीर्घ स्वर आहे म्हणून निभावतं. तिथे ‘वाट’सारखा व्यंजनानं मिटणारा शब्द असता तर गायक अडला असता. ‘तुझ्या’, ‘मला’, ‘तुला’, ‘कधी’, ‘पुन्हा’ हे प्रेमगीताचे सगळे रोजचे शब्द लघू-गुरू चालीचे आहेत, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला दर दुसऱ्या ओळीत भेटणार. दोन, ‘रोज घरापुढून जाणे’ हे पाठलागाच्या फार जवळ आहे. इथे ते सुटतं कारण बोलणाऱ्याला काही मिळवायचं नाही, दार वाजवलं जात नाही, आणि चपलेचा पट्टा बघणारं माणूस स्वतःलाच हसतं आहे. ‘खिडकीतून तुला न्याहाळणे’ अशी एक ओळ घाला, गाणं पोलीस ठाण्यात जमा. ‘तुला मिळवीनच’, ‘माझी नाहीस तर कुणाचीच नाहीस’ हा सूर प्रेमाचा नव्हे, मालकीचा आहे. तसाच ‘धोका’, ‘दगा’, ‘बेइमान’ यांचाही. ज्यानं वचनच दिलं नाही त्यानं दगा कसा दिला?

शब्दांच्या निवडीत काही ठरावीक खड्डे आहेत. पहिला ‘याद’. ‘आठवण’ म्हटलं की आ-ठ-व-ण अशा ५ मात्रा होतात, आठाच्या गणितात त्या अडतात, म्हणून लोक ३ मात्रांची ‘याद’ आणून बसवतात आणि ओळ हिंदीच्या वळणानं वाकते. मराठीत ‘सय’ आहे, २ मात्रांची. ‘आठव’ आहे, ४ मात्रांचा, अगदी चौकटीत बसणारा. दुसरा खड्डा ‘तव’ आणि ‘मम’. हे दोन मात्रांचे डाट आहेत, भोक बुजवायला वापरले जातात. शेजारच्या ओळीत बोलीभाषा असेल तर ते लगेच उघडे पडतात. वरच्या नमुन्यातला ‘वाकुनी’ही थोडा जुन्या वळणाचा आहे, तो खपतो कारण भोवती ओटा, कडी, तुळस आहे. सोसायटीची लिफ्ट असती तर खपला नसता. तिसरा खड्डा संबोधनाचा. ‘राया’, ‘सजणा’, ‘पाव्हणं’ यांना लावणीचा फड लागतो, ढोलकी लागते. कॉलेजातल्या मुलीच्या तोंडी ‘राया’ आलं की ते सोंग वाटतं. ‘रे’ आणि ‘गं’ जपून वापरा. त्यांत जवळीक गृहीत असते, आणि इथे तर तीच नाही. एकतर्फी प्रेमात ‘तू’ हाच मुळात धीटपणा आहे, कारण प्रत्यक्षात ती व्यक्ती कदाचित ‘तुम्ही’ असते किंवा कधी बोललेलीच नसते. गाण्याच्या पहिल्या ओळीत नुसता ‘तो’ किंवा ‘ती’ ठेवून शेवटच्या अंतऱ्यात एकदाच ‘तू’ म्हणणं, ही युक्ती साधली तर फार लागते.

‘तू’ला न बोलता तिसऱ्याला बोलणं ही तर आपली जुनी रीत. सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशतीतल्या महाराष्ट्री प्राकृत गाथांमध्ये बाई मैत्रिणीला, आत्याला, वाटसरूला बोलते. ज्याच्यासाठी जीव तुटतो तो पुष्कळदा ऐकणाऱ्यांत नसतो. ज्ञानेश्वरांच्या विराणीत पलीकडे कोकणाऱ्या कावळ्याशी बोलणं चालतं, शकुन खरा कर, तुझे पाय सोन्यानं मढवीन म्हणून त्याला लाच देऊ केली जाते. पुरुष कवी तिथे विरहिणीच्या तोंडून बोलतो आहे हेही लक्षात घ्या. स्वतःचं दुःख स्वतःच्याच लिंगात सांगितलं पाहिजे असा नियम कधीच नव्हता. आजच्या गाण्यात कावळ्याच्या जागी रिक्षावाला, वॉचमन, एसटीचा वाहक, कुणीही येऊ शकतो. ऐकणारा तिसरा मिळाला की बोलणाऱ्याला खोटं बोलायची सोय होते, आणि खोटं बोलणारा प्रेमी रडणाऱ्यापेक्षा जास्त पटतो.

गायकाच्या घशाचा विचार करा. बोलताना आपण ‘वाट’चा शेवटचा ‘अ’ गिळतो. गाताना ओळीच्या शेवटी स्वर लांबवायचा असेल तर ‘वा’वरच रेंगाळावं लागतं आणि ‘ट’वर दार आपटतं. म्हणून मुखड्याच्या ओळी आ, ए, ओ, ई अशा स्वरांवर सोडाव्यात. वरच्या पट्टीत ‘आ’ सगळ्यात सोयीचा, ‘ई’ आवाज बारीक करते, ‘ऊ’ कोंडतो. खालच्या पट्टीत गुणगुणत संपवायचं असेल तर मात्र ‘म’, ‘न’नं मिटणारे शब्द छान बसतात. जलद लयीत ‘स्पर्श’, ‘अस्तित्व’, ‘निःशब्द’ असले शब्द जिभेला अडतात. श्वास कुठे तुटतो तेही तपासा. ‘नको येऊस’ या शब्दांत ‘नको ये’पाशी आवर्तन संपलं तर पुढच्या समेवर गायक तळमळून ‘ऊस’ म्हणतो. कागदावर हे कधीच दिसत नाही.

तालाबद्दल एवढंच: ओळ कोणत्या तालात जाणार ते लिहितानाच ठरतं. कवी माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात आवर्तनाप्रमाणे नावं दिली आहेत: आठ मात्रांचं पद्मावर्तन, सहांचं भृंगावर्तन, सातांचं अग्न्यावर्तन, पाचांचं हरावर्तन. पद्मावर्तन केरव्यात किंवा भजनी ठेक्यात जातं, भृंगावर्तन दादऱ्यात, अग्न्यावर्तन रूपकात, हरावर्तन झपतालात. ‘कोण उभे कोपऱ्यात’ ही ६ अधिक ६ ची ओळ आपोआप दादऱ्यात हलते. ‘तू पाहिले नाहीस ते’ ही ७ अधिक ७ ची. रूपकात समेलाच खाली, म्हणजे टाळी नसलेली जागा, असल्यानं तिथे एक पाऊल अडखळल्याचा भास होतो आणि न बोललेल्या गोष्टीला तो शोभतो. मित्राला दादरा हवा असेल आणि तुमच्या ओळी सोळा मात्रांच्या असतील तर ओढाताण करू नका, ओळी नव्यानं लिहा. सोळाला सहानं भाग जात नाही. चाल आधी आणि शब्द नंतर असं असेल तर डमी, म्हणजे चालीपुरत्या घातलेल्या, शब्दांवर समेच्या जागी उभ्या रेघा मारून घ्या, लांबवलेल्या स्वरांवर खूण करा आणि त्या खुणांच्या जागी फक्त दीर्घ स्वर येतील असं बघा. चाल मारव्यासारख्या रागाच्या अंगानं असेल, जिथे पंचम (प) नाही आणि षड्जावर (सा) विसावणंही टाळलं जातं, तर ओळ पूर्णविराम असलेल्या वाक्यानं संपवू नका. सूर लटकत राहतो आणि शब्द बसून जातात.

गझल लिहावी का, असाही प्रश्न यावर निघतोच. गझलेत दोन ओळींचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे वरच्यासारखी घर-कडी-कुलूप अशी पुढे सरकणारी गोष्ट तिथे घालायची नसते. तिथे परतीचं काम मुखड्याऐवजी रदीफ, म्हणजे ओळीच्या शेवटी तसाच परत येणारा शब्द, करते; तिच्या आधीचं यमक म्हणजे काफिया. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळींना आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया-रदीफ पाळावे लागतात, शेर किमान पाच. ‘नाही’, ‘होते’, ‘तरीही’ अशी रदीफ एकतर्फी प्रेमाला जमते, कारण तोच शब्द दर वेळी वेगळ्या कारणानं नकार देतो. तुमच्या आठ कडव्यांत गोष्ट नसून आठ सुटे विचार असतील तर ती बहुधा वाट चुकलेली गझल आहे, गीत नव्हे. मग मुखडा काढून टाका आणि प्रत्येक विचार दोन ओळींत मावतो का ते बघा.

आता तुमच्या कागदाकडे. ‘तू’ला ठाऊक नसलेलं ते एक वाक्य डोक्यावर लिहा. त्याच्याशी संबंध नसलेली कडवी बाजूला काढा. साधारण निम्मी जातील. उरलेल्यांत दुःखाची नावं असतील तिथे पेन्सिलीनं गोल करा आणि त्या जागी हाताला लागणारी वस्तू येते का बघा: पट्टा, कडी, पास, डबा, छत्री. मग मुखडा-अंतरा-मुखडा असं मोठ्यानं वाचून कसोटी लावा. दोन कडवी उरली की थांबा, तिसऱ्याचा मोह झाला तर ते साडेतीन मिनिटांनंतर ऐकणाऱ्याला काय नवीन देणार ते आधी विचारा. शेवटी मांडीवर आठ मात्रांचा ठेका धरून, चाल न लावता, फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे तुमचीच जीभ अडली असेल, किंवा समेवर एखादा ‘तरी’ येऊन बसला असेल, तिथे मित्रानंही मान हलवली असणार.